कृत्रिम दंतशिखर

कृत्रिम दंतशिखर : कीड, झीज, आघात वा तडा यांमुळे दाताच्या हिरडीबाहेरील भागाचा मोठा अंश नष्ट झाला असता, उरलेल्या भागास योग्य आकार देऊन त्यावर धातूचे, पोर्सलिनाचे किंवा या दोहोंचे आच्छादन कायमचे चिकटवितात. या आच्छादनास कृत्रिम दंतशिखर म्हणतात. व्यवहारात त्यास ‘टोपी’ किंवा ‘कॅप’ असे संबोधले जाते. भरणामध्ये दातातील पोकळी बुजविली जाते व कवळीमध्ये गेलेल्या दाताच्या जागी नवा दात येतो. दंतशिखर या दोहोंच्या मधली अवस्था होय. त्यात रुग्णाचे स्वतःचे दंतमूळ व त्याभोवतीचे हाड जागच्या जागी राहते आणि दाताचा केवळ वरचा भाग नव्याने घडविला जातो. त्यामुळे दात काढून टाकण्याऐवजी तो राखण्याकडे दंतवैद्यक कसे वळले, याचा इतिहास या लहानशा वस्तूच्या इतिहासात स्पष्ट दिसतो.

रचना व कार्य : नैसर्गिक दाताच्या शिखरावर दंतवल्क म्हणजे एनॅमलचे कठीण आवरण असते. त्याखाली डेंटीन व त्याच्या गाभ्यात रक्तवाहिन्या आणि तंत्रिका यांनी युक्त असा मगज असतो. कीड मगजापर्यंत पोहोचली की तीव्र ठणका सुरू होतो व पुढे मुळाच्या टोकाशी पू साचतो. अशा वेळी मगज काढून मूळनलिका स्वच्छ करतात व ती बंद करतात. मात्र कीड व उपचार या दोन्हींमुळे दाताच्या भिंती पातळ झालेल्या असतात. दाढेवर चावताना येणारा दाब मोठा असल्याने असा दात उभा चिरण्याची भीती असते. दंतशिखर त्यास पिंपाच्या कड्याप्रमाणे चोहोबाजूंनी आवळून धरते व दाब सर्वत्र विभागते. यासाठी हिरडीच्या वर निरोगी दाताची सु. १·५ ते २ मिमी. उंचीची कडा शिल्लक असणे इष्ट असते. ती नसल्यास शिखर कितीही सुबक असले, तरी ते सैल होते किंवा मुळासकट दात मोडतो.

प्राचीन काळ : दातावर यांत्रिक उपचार करण्याचे अतिप्राचीन पुरावे भारतीय उपखंडात मिळाले आहेत. बलुचिस्तानातील मेहेरगढ येथील नवाश्मयुगीन दफनांत नऊ प्रौढ व्यक्तींच्या अकरा दाढांना गारगोटीच्या टोकाने छिद्रे पाडलेली आढळली. हे दात सु. ७,५०० ते ९,००० वर्षांपूर्वीचे असून त्यांविषयीचे संशोधन २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. छिद्रांच्या कडा चर्वणाने गुळगुळीत झालेल्या असल्याने या व्यक्ती त्यानंतरही जगल्या, हे उघड होते. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथील ताम्रपाषाणयुगीन वसाहतीच्या उत्खननात मिळालेल्या मानवी अवशेषांचा, त्यांतील दातांसह, जॉन ल्यूकाक्स व सुभाष वाळिंबे यांनी तपशीलवार अभ्यास केला. दख्खनच्या आद्य शेतकऱ्यांच्या आरोग्याविषयी जी माहिती आज उपलब्ध आहे, तिचा बराच भाग अशा दातांवरूनच मिळालेला आहे.

सुश्रुतसंहितेत मुखरोगांची संख्या पासष्ट दिली असून त्यांपैकी पंधरा दंतमुळांचे व आठ दातांचे आहेत. कृमिदंत हा त्यांपैकी एक होय. दात हलत असल्यास तो उपटावा आणि पोकळीस डाग द्यावा, असा त्यावरील उपचार आहे. दात पोखरला जाण्याची अवस्था या ग्रंथकारांस चांगली ठाऊक होती. तथापि पोखरलेल्या दातावर आच्छादन बसविण्याची कल्पना त्यांत आढळत नाही.

दातासाठी सोन्याचा उपयोग प्रथम मध्य इटलीतील इट्रुस्कन लोकांनी केल्याचे दिसते. इ. स. पू. सातव्या शतकापासून तेथे सोन्याच्या पातळ पट्ट्यांनी मानवी वा पशूंचे दात शेजारच्या दातांस बांधीत असत. रोममधील बारा कोष्टकांच्या कायद्यात (इ. स. पू. सु. ४५०) मृतासोबत सोने ठेवण्यास बंदी होती, मात्र दात बांधण्यासाठी वापरलेल्या सोन्यास सूट होती. हे काम सोनाराच्या कौशल्याचे होते. दात का किडतो व मुळाशी काय घडते, याच्या ज्ञानाचा त्यात संबंध नव्हता.

अठरावे व एकोणिसावे शतक : आधुनिक दंतवैद्यकाचा आरंभ प्येर फोशार या फ्रेंच शल्यवैद्याच्या १७२८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथापासून मानला जातो. मोडलेल्या दाताच्या मुळात खुंटी बसवून तिच्यावर नवे शिखर उभारण्याची रीत त्याने वर्णिली आहे. फ्रान्समध्येच क्लोद मूताँ याने १७४६ मध्ये दाढेवर बसविण्याच्या सोन्याच्या कवचाचे वर्णन केले व दर्शनी बाजूस त्यावर मिना चढवावा, असे सुचविले. पुढे बराच काळ लाकडी खुंट्यांचाही वापर होत होता. लाळेने लाकूड फुगून खुंटी घट्ट बसे. परंतु त्याच फुगण्याने मूळ चिरत असे.

एकोणिसाव्या शतकात अनेक स्वतंत्र शोध एकत्र आले. जूझेप्पांजेलो फोंत्सी याने १८०८ मध्ये प्लॅटिनमचे आकडे असलेले सुटे पोर्सलिनी दात सादर केले. बॉल्टिमोर येथे १८४० मध्ये दंतशल्यचिकित्सेचे स्वतंत्र महाविद्यालय निघाले. हॉरेस वेल्स याने १८४४ मध्ये नायट्रस ऑक्साइडाचा आणि विल्यम मॉर्टन याने १८४६ मध्ये ईथराचा उपयोग केल्याने वेदनारहित शल्यकर्म शक्य झाले. विशेष म्हणजे हे दोघेही दंतवैद्य होते. जेम्स मॉरिसन याच्या पायाने चालविण्याच्या सामत्याने (१८७१) दातास हवा तसा आकार देणे सुकर झाले. १८८० च्या सुमारास अमेरिकेत कॅशियस रिचमंड याने मुळातील खुंटी, सोन्याचे कडे व दर्शनी बाजूस पोर्सलीन असे संयुक्त शिखर प्रचारात आणले. डिट्रॉइट येथील चार्ल्स लँड याने प्लॅटिनमच्या अतिशय पातळ पत्र्यावर पोर्सलीन भाजण्याची रीत बसविली. तिच्यातूनच विसाव्या शतकाच्या आरंभी संपूर्ण पोर्सलिनाचे ‘जॅकेट’ शिखर निर्माण झाले. हा लँड प्रसिद्ध वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांचा मातामह होय.

१९०७ मध्ये विल्यम टॅगर्ट याने मेणाचा साचा वितळवून त्या जागी सोने ओतण्याचे यंत्र सादर केले. मेण घालवून ओतकाम करण्याची विद्या भारतातील मूर्तिकारांना फार पूर्वीपासून अवगत होती. टॅगर्टने ती इतक्या सूक्ष्म प्रमाणात व अचूकतेने वापरली, की पत्रा ठोकून केलेल्या टोपीची जागा दाताच्या कडेशी तंतोतंत जुळणाऱ्या ओतीव शिखराने घेतली.

हंटर यांची टीका : १९१० मध्ये विल्यम हंटर या ब्रिटिश वैद्यांनी माँट्रिऑल येथील व्याख्यानात सोन्याच्या टोप्या व सेतू यांवर कठोर टीका केली. सडलेली मुळे व पुवाळलेल्या हिरड्या यांवर चकाकणारे सोने बसविल्याने दूषित द्रव्य शरीरभर पसरते, असे त्यांचे प्रतिपादन होते. ही टीका निराधार नव्हती. त्या काळी बहुतेक टोप्या क्ष-किरण परीक्षेवाचून, मुळाचा उपचार न करता बसविल्या जात. परंतु तिचा परिणाम विपरीत झाला. संधिवातापासून मनोविकारांपर्यंत अनेक व्याधींचे मूळ दातांत शोधण्याची प्रथा पडली आणि त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत असंख्य दात, त्यांत निरोगी दातही, उपटले गेले. पुढे हा अतिरेक ओसरला. मात्र शिखराखालील मूळ निर्दोष असल्याची खात्री करूनच शिखर बसवावे, हा नियम त्या वादातून कायमचा रूढ झाला. क्ष-किरणांचा शोध १८९५ मध्ये लागला असल्याने अशी खात्री करून घेणे शक्यही झाले होते.

आधुनिक पदार्थ व तंत्रे : सोने टिकाऊ असते, पण ते दिसते. पोर्सलीन नैसर्गिक दातासारखे दिसते. पण ठिसूळ असते. दोहोंचा संयोग करण्यात मुख्य अडचण अशी होती, की भट्टीतून निघून थंड होताना धातू व पोर्सलीन वेगवेगळ्या प्रमाणात आकुंचन पावतात व पोर्सलीन तडकते. ल्यूसाइट या खनिजाच्या साहाय्याने पोर्सलिनाचे प्रसरण धातूशी मिळतेजुळते करण्याची युक्ती अमेरिकेत वाइनस्टाइन व त्यांचे सहकारी यांनी साधली व तिचे एकस्व १९६२ मध्ये मिळविले. १९६५ मध्ये इंग्लंडमध्ये मक्लीन व ह्यूझ यांनी ॲल्युमिनाने बळकट केलेले पोर्सलीन तयार केले. १९७० नंतर सोन्याचे भाव चढल्यावर निकेल-क्रोमियम व कोबाल्ट-क्रोमियम या स्वस्त मिश्रधातूंचा प्रसार झाला. आपल्याकडे सर्वसाधारण रुग्णास शिखर परवडू लागले, ते मुख्यतः या मिश्रधातूंमुळे. निकेलाची ॲलर्जी असलेल्यांना मात्र निकेलयुक्त मिश्रधातू चालत नाही.

१९५७ मध्ये जॉन बॉर्डन यांचे हवेच्या झोतावर फिरणारे अतिवेगवान सामते विक्रीस आले. १९७२ मध्ये विल्सन व केंट यांनी दाताशी रासायनिक बंध साधणारे ग्लास आयनोमर सिमेंट प्रसिद्ध केले. झुरिक येथे व्हेर्नर म्यॉरमान व मार्को ब्रांडेस्टिनी यांनी १९८५ मध्ये संगणकाच्या साहाय्याने दाताची प्रतिमा घेऊन त्याच बैठकीत भरण कोरून बसविले. पुढे या पद्धतीने संपूर्ण शिखरेही होऊ लागली. एकविसाव्या शतकात झिर्कोनियाच्या शिखरांचा वापर झपाट्याने वाढला आहे.

भारत व महाराष्ट्र : महाराष्ट्रात दातांच्या निगेची परंपरा जुनी आहे. बाभूळ व कडुलिंब यांच्या काड्या, राखुंडी व मंजन यांचा वापर सर्वत्र होता. विवाहित स्त्रिया दातवण लावून दात काळे करीत. भाजलेल्या तंबाखूची मिसरी लावण्याची सवय ग्रामीण भागात अद्याप पूर्णपणे गेलेली नाही. दुखरा दात मात्र वैदू किंवा बाजारात बसणारा दात काढणारा उपटून देई. शहरांतून काही व्यावसायिक परंपरेने दंतकाम करीत. मुंबई व कोलकाता येथे चीनच्या हूपे प्रांतातून आलेल्या कुटुंबांचे दवाखाने यासाठी प्रसिद्ध होते.

भारतातील पहिले दंतमहाविद्यालय डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कोलकाता येथे स्थापन केले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंतमहाविद्यालय १९३३ मध्ये सुरू झाले व त्यानंतर शासकीय दंतमहाविद्यालय उभे राहिले. १९४८ च्या दंतवैद्य अधिनियमाने व्यवसायास कायद्याची चौकट दिली व १९४९ मध्ये भारतीय दंत परिषद स्थापन झाली. पदवी नसलेल्या, परंतु किमान पाच वर्षे याच व्यवसायावर निर्वाह करणाऱ्या व्यक्तींसाठी नोंदवहीचा ‘ब’ भाग ठेवण्यात आला. परंपरागत कारागिरास एकदम बेकायदा न ठरविता नव्या शास्त्राकडे जाण्याचा तो मार्ग होता. याच अधिनियमाने दंतयंत्रज्ञाच्या नोंदणीचीही तरतूद केली. शिखराच्या दृष्टीने ती महत्त्वाची आहे. कारण दंतवैद्य दात कोरतो व ठसा घेतो, पण शिखर प्रत्यक्ष घडवितो तो प्रयोगशाळेतील यंत्रज्ञ. या अधिनियमाची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोग अधिनियम संमत केला.

मराठवाडा व ताडकळस परिसर : हा नवा उपचार मराठवाड्यात उशिरा पोहोचला. मार्च १९४८ मध्ये दंतवैद्य अधिनियम झाला, त्यावेळी परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. हैदराबाद येथे दंतमहाविद्यालय १९५९ मध्ये, तर नागपूर येथे १९६८ मध्ये निघाले. औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) येथील शासकीय दंतमहाविद्यालय १९८२ मध्ये सुरू झाले. तोपर्यंत मराठवाड्यातील विद्यार्थ्यास दंतवैद्यकाच्या शिक्षणासाठी मुंबई, नागपूर वा हैदराबाद गाठावे लागे. पुढे लातूर (१९९०), नांदेड व परभणी येथेही खाजगी दंतमहाविद्यालये निघाली. या संस्थांच्या रुग्णालयांत विद्यार्थ्यांकडून, अध्यापकांच्या देखरेखीखाली, कमी खर्चात उपचार होत असल्याने आसपासच्या ग्रामीण रुग्णांना त्यांचा मोठा आधार मिळाला.

तथापि संस्था जिल्ह्याच्या ठिकाणी आली म्हणजे उपचार गावापर्यंत आला, असे होत नाही. परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील ताडकळसचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. भोवतालच्या खेड्यांशी व्यवहार असलेले हे मोठे गाव असून परभणी व नांदेड ही दोन्ही शहरे येथील रुग्णांच्या आवाक्यातील आहेत. पूर्णा जंक्शनामुळे हा तालुका विसाव्या शतकाच्या आरंभापासून लोहमार्गाने जोडलेला आहे. म्हणजे दुर्गम म्हणावा असा हा प्रदेश नाही. तरीही दंतशिखराच्या उपचाराचे स्वरूपच असे आहे, की अंतर थोडे असले तरी ते जाणवते. दात उपटणे एका फेरीत होते. शिखरासाठी मात्र मूळनलिकेच्या उपचाराच्या एक ते तीन बैठका, दात कोरून ठसा घेण्याची एक, ठसा प्रयोगशाळेत जाऊन परत येईपर्यंतचे काही दिवस आणि बसविण्याची शेवटची बैठक, इतका क्रम असतो. मजुराच्या बाबतीत यांतील प्रत्येक फेरी म्हणजे एका दिवसाची बुडालेली मजुरी आणि प्रवासखर्च. पेरणी, खुरपणी वा कापणीचे दिवस असल्यास पुढची फेरी लांबते. मगज काढलेला व शिखर न बसविलेला दात याच मधल्या काळात चिरतो आणि अखेर उपटावा लागतो. अशा रुग्णाचा अर्धवट उपचाराचा खर्च वाया जातो व ‘दात वाचत नसतो’ हा गावातील समज दृढ होतो.

साधनांची अडचणही दीर्घकाळ होती. अतिवेगवान सामते चालण्यास दाबयुक्त हवा व त्यासाठी अखंड वीज लागते. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात दीर्घकाळ भारनियमन होते. तेव्हा तालुका पातळीवरील दवाखान्यात असे काम ठरल्या वेळी पार पाडणे कठीण होई. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय मुखआरोग्य कार्यक्रमाने (२०१४-१५) जिल्हा रुग्णालये व त्याखालील संस्थांत दंतकक्ष बळकट करण्याचे धोरण स्वीकारले. मात्र सार्वजनिक आरोग्य योजनांचा भर रुग्णालयात दाखल करून करावयाच्या उपचारांवर असल्याने शिखराचा खर्च सामान्यतः रुग्णालाच करावा लागतो.

या भागात दाढ गमावणे ही केवळ दिसण्याची बाब नाही. ज्वारीची भाकरी, भाजलेले शेंगदाणे, हुरडा व ऊस हे येथील नेहमीचे अन्न चावण्याची शक्ती मागते. दोन्ही बाजूंच्या दाढा गेलेला प्रौढ माणूस भाकरी कालवणात भिजवून खाऊ लागतो व आहारातील कठीण पदार्थ हळूहळू सोडतो. शिवाय रिकाम्या जागेकडे शेजारचे दात कलतात, समोरचा दात लांबतो आणि एका दाताच्या हानीने सगळी चावणी बिघडते. म्हणून पहिली दाढ वाचविणे पुढील अनेक दात वाचविण्यासारखे असते.

मुलांसाठी पोलादी शिखरे : दुधाच्या दाढांसाठी पोलादाची तयार शिखरे विल्यम हंफ्री यांनी १९५० मध्ये प्रचारात आणली. ठराविक मापांच्या डब्यातून योग्य शिखर निवडून ते त्याच बैठकीत बसविता येत असल्याने त्यांना प्रयोगशाळेची गरज नसते. स्कॉटलंडमधील दंतवैद्य नॉर्ना हॉल यांनी दात न कोरता, भूल न देता व कीड न काढता असे शिखर किडक्या दाढेवर चिकटविण्याची रीत वापरली. शिखराखाली कोंडली गेलेली कीड अन्नाअभावी थांबते, हे तिचे तत्त्व होय. तिचे परिणाम २००६-०७ पासून प्रसिद्ध झाल्यावर ही रीत अनेक देशांत स्वीकारली गेली. सामते, वीज व वारंवार फेऱ्या यांवाचून होणारा हा उपचार ग्रामीण भागास विशेष अनुकूल आहे. मात्र ज्या दाढेच्या मगजास वा मुळास संसर्ग झाला आहे, तेथे तो चालत नाही.

मर्यादा : प्रत्येक मोडक्या दातावर शिखर बसविता येत नाही. मूळ चिरले असल्यास, भोवतालचे हाड झिजले असल्यास किंवा हिरडीवर दाताचा पुरेसा भाग नसल्यास दात काढणे हेच योग्य ठरते. गुटखा व सुपारी यांच्या सवयीने गालाची त्वचा आवळून तोंड उघडेनासे होते. अशा रुग्णाच्या मागच्या दाढेपर्यंत उपकरणच पोहोचत नाही. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, तरी या विकाराचे रुग्ण आढळतात. पिण्याच्या पाण्यात दर लिटरला १·५ मिग्रॅ. पेक्षा अधिक फ्ल्युओराइड असल्यास वाढत्या वयातील मुलांच्या दातांवर डाग पडतात व तीव्र प्रकारात दंतवल्क खरवडल्यासारखे निघून जाते. राज्यात यवतमाळ, चंद्रपूर व नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत हा प्रश्न आढळतो. असे दात शिखराने झाकता येतात. परंतु गावाच्या पाण्याचा दोष एकेका दातावर टोपी घालून दूर होणारा नाही. त्यासाठी पाण्याचा स्रोत बदलणे वा ते शुद्ध करणे हाच उपाय होय.

शिखर बसविल्यानंतरही त्याच्या कडेशी, जेथे ते नैसर्गिक दातास मिळते तेथे, पुन्हा कीड लागू शकते. म्हणून ती जागा रोज स्वच्छ करणे व ठराविक काळाने तपासून घेणे आवश्यक असते. इट्रुस्कन सोनारापासून आजच्या संगणकीय यंत्रापर्यंत पदार्थ व साधने बदलली. परंतु हंटर यांच्या टीकेनंतर प्रस्थापित झालेला नियम अबाधित आहे. शिखराचे मोल त्याखालील निरोगी मुळावर अवलंबून असते आणि मूळ निरोगी असेतोवर रुग्ण दंतवैद्यापर्यंत पोहोचला, तरच या साऱ्या प्रगतीचा त्यास उपयोग होतो. ताडकळससारख्या गावांच्या संदर्भात या शास्त्राचे उर्वरित कार्य बव्हंशी हेच आहे.